डाव्या दाराचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. जुन्या गाडीने आपली कहाणी सांगायची म्हणजे आधी चकाकता रंग, मधे थोडा गंज आणि शेवटी डोळ्यांत पाणी, अशी तुमची अपेक्षा असणार. रंग आणि गंज देते. पाण्याचे बघू, माझा रेडिएटर नवीन आहे.

माझे आयुष्य मुख्यतः मार खाण्यात गेले. तक्रार नाही. मला मारणारे आणि माझ्यावर प्रेम करणारे यांच्या दोन वेगळ्या रांगा लावा म्हटले, तर तीच माणसे इकडून तिकडे पळत राहतील.

जन्मापासूनच सुरुवात झाली. मी तेव्हा सपाट, गरीब पत्रा होते. वरून एक अजस्र यंत्र खाली आले आणि एका दणक्यात माझे दार झाले, दुसऱ्या दणक्यात बॉनेट. मग मला भोके पाडली, डाग दिले, भट्टीत भाजले. माणसांचे बाळ जन्मले की त्याला एक चापट मारतात म्हणे. आमच्याकडे आधी चापट्या संपवतात आणि मग जन्माला घालतात.

तिथून मी निपाणीला आले, पायगोंडा आप्पांच्या घरी. आप्पा तंबाखूचे व्यापारी. तेव्हा आमच्या राज्याचे नाव म्हैसूर होते आणि आमच्या गल्लीत माझ्याखेरीज दुसरी मोटार नव्हती. आप्पा धर्माने जैन आणि फार काटेकोर. सूर्य बुडाल्यावर जेवत नसत, पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. मला सुरू करण्याआधी मुनिमाला जमिनीवर पालथे पाडून चाकांखाली मुंग्या आहेत का ते बघायला लावत. असल्या तर मऊ फडक्याने बाजूला सारत. खंडेनवमीला गावातल्या बाकीच्या गाड्यांपुढे कोहळे आपटून फोडत, चाकांखाली लिंबे चिरडत. आप्पांना तेही सहन होत नसे. मला नुसते गंध आणि फूल. एवढे झाले की आप्पा आत बसत आणि दार असे आपटत की वखारीच्या छपरावरची सगळी कबुतरे उडून जात. गियर टाकताना तर माझ्या पोटातून असा आवाज निघे की बाजारातली माणसे आपापली मुले जवळ ओढत.

वखारीत बायका तोंडाला फडकी बांधून तंबाखू चाळत. त्यांत सोनुबाई होती, विशीतली, दिवस भरलेली. तिचा नवरा कल्लाप्पा तिथेच पोती वाहायचा. एका दुपारी सोनुबाईला चाळणीवरच कळा सुरू झाल्या. मी अंगणात नुकतीच धुऊन उभी होते. कल्लाप्पाने इकडेतिकडे पाहिले, माझे मागचे दार उघडले आणि तिला आत बसवले.

आप्पा बाहेर आले.

"कुणी बसीवलं हिला?"

"आप्पा, लई तरास व्हायलाय. दवाखान्यापतूर सोडा. मी चालत येतो मागनं."

"उतरीव आधी तिला."

"पाया पडतो आप्पा..."

"गाडी बाटीवलीस व्हय रं माझी?"

आप्पांनी त्याचे केस धरले आणि त्याचे कपाळ माझ्या पुढच्या डाव्या दारावर आपटले. एकदाच. आप्पा व्यवहाराला चोख होते, कोणाला जास्तीचे काही देत नसत.

आमच्या काळचा पत्रा जाड असायचा, अशी सगळे तारीफ करतात. खरीच आहे. त्या जाड पत्र्याला वाटीएवढा पोचा पडला. कपाळाचे काय झाले, ते कोणी विचारले नाही. रक्त हँडलवरून ओघळले. मुनिमाने बादली आणली आणि दार धुतले. सोनुबाई आपली आपण उतरली. तिला पोत्यांच्या हातगाडीवर घालून नेले, आणि पहिल्या वळणावरच मुलगा झाला. त्याचे नाव यशपाल.

संध्याकाळी, सूर्य बुडण्याच्या आत, जेवताना आप्पांनी घरात सांगितले, "बाजारात बैलानं धडक दिली गाडीला." आप्पांना खोटे न बोलण्याचे व्रत होते. बैल म्हणताना त्यांच्या मनात कल्लाप्पाच असणार. तेव्हा व्रत शाबूत राहिले, असे त्यांनी धरले असावे.

भाद्रपदात पर्युषण संपले की जैनांत क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावले असेल, तर हात जोडून माफी मागायची. फार सुंदर चाल आहे. आप्पा दरवर्षी माझ्यातून निघत. व्याही, अडते, वकील, मामलेदार; निपाणीपासून चिकोडीपर्यंत माझे पेट्रोल क्षमेवर जळे. निघताना वखारीचे दार लागायचे. तिथे आप्पा हॉर्न वाजवत, कारण हमाल रस्त्यात असत.

पुढे सीमेवरून पेटले. एका बंदच्या दिवशी बेळगावाकडे जाताना मला दगड बसले, आणि एका बंदच्या दिवशी कोल्हापूरकडे जाताना. माझा नंबर जुन्या म्हैसूरचा, त्यामुळे मी नक्की कोणाची, हे दोन्हीकडच्या पोरांना ठरवता येईना. न ठरल्यावर त्यांनी मारले. दगड मात्र दोन्हीकडचे अगदी सारखे होते. आमच्या भागात काळा दगडच मिळतो.

आप्पा गेले. मला वखारीच्या मागच्या खणात ढकलले आणि माझ्यावर रिकामी पोती टाकली. घुशींनी वायरी खाल्ल्या. गंजाने तळ खाल्ला. टायर जागच्या जागी फाटले. एका मांजरीने माझ्या मागच्या सीटवर पिल्ले घातली. तिला कोणी उतरवले नाही.

अशी कित्येक वर्षे गेल्यावर पोती दूर झाली आणि उजेडात दोन डोकी दिसली. एक टक्कल, ते आप्पांचे चिरंजीव श्रीपालअण्णा. निपाणीच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरे पांढरे केस, ते यशपाल. बेळगावात पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवून निवृत्त झालेले. दोघे शाळेत एका बाकावरचे. बेळगावातल्याच वडगावात यशपालचे घर, म्हातारी सोनुबाई त्याच्याजवळ.

"यशा, हिला उभी करायची?"

"ही आता बसायच्या बी लायकीची न्हाय."

"दोघं मिळून करू. रविवारचा छंद."

यशपाल माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. डाव्या दारापाशी थांबला. "करू," म्हणाला.

मित्रांनो, जुनी गाडी पुन्हा उभी करणे हा फार नाजूक छंद आहे, असे तुम्ही वाचले असेल. तो असा असतो. आधी ग्राइंडरने तुमची कातडी काढतात. मग गॅसने कुजलेला भाग कापतात. मग नवा पत्रा तुमच्या हाडांना वेल्ड करतात, आणि तो बसत नाही म्हणून ठोकतात. अण्णा माझ्या एअर फिल्टरमधला कोळी काडीवर घेऊन तुळशीच्या कुंडीत सोडून येत, आणि परत आल्यावर जाम झालेल्या बोल्टवर घण घालत.

"हळू रं श्रीप्या! बोल्ट हाय, पाकिस्तान न्हाय."

"इतिहासाच्या माणसाला ताकद लागतीया, यशा."

"तुझ्या ताकदीनं तीन बोल्ट मोडल्यात. आता भूगोल शिकव."

दर रविवारी यशपाल एस.टी.ने यायचा. अण्णांच्या पत्नी राजश्रीवहिनी चहा द्यायच्या. कोल्हापूरच्या भंगारातून हेडलाइट आले, हुबळीच्या एका गोडाऊनमधून समोरची काच आली. ती काच अण्णांनी बसमध्ये मांडीवर घेऊन आणली, नातवासारखी. इंजिन सुरू झाले तेव्हा दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघांच्या सदऱ्यांवर एकमेकांच्या हातांचे काळे ठसे उठले. एकेक पोचा ठोकून सरळ झाला. राहिले ते पुढचे डावे दार. यशपालने ते शेवटी ठेवले होते.

पण अण्णांचा बेत वेगळा होता. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत सध्या एक मत आहे की, सगळेच नवे करू नये, एखादी जुनी खूण राखावी. तिने गाडीला वजन येते. अण्णा येईल त्याला ते दार दाखवत. बिथरलेला बैल, भर बाजार, स्टिअरिंगवर शांत बसलेले आप्पा. सांगता सांगता बैल दरवेळी थोडा मोठा होई.

श्रावणातल्या एका रविवारी अण्णा मंदिरातून आले, तर यशपाल लाकडी हातोडा घेऊन त्या दाराशी बसलेला.

"यशा! त्याला हात लावू नगंस."

"सगळी गाडी सरळ झाली. ह्येच ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊ दे की. बैलाचा पोचा हाय त्यो. इतिहास हाय."

"बैलाचं नाव कल्लाप्पा हुतं," यशपाल म्हणाला.

आणि त्याने सांगितले. आईने सांगितलेले, जसेच्या तसे. हातगाडीपर्यंत.

अण्णांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "आप्पांनी उभ्या जन्मात मुंगी मारली न्हाय!"

"मुंगी न्हायच मारली. मी कुठं मुंगी म्हटलं?"

"खोटं हाय ह्ये! आणि खरं असतं तर येवढे रविवार माझ्या घरचा चहा पीत गप का बसलास?"

"दारापतूर पोचायचं हुतं."

"म्हंजे दोस्ती न्हाय, दारासाठी येत हुतास?"

"दोन्हीसाठी. आता सरक."

अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली. मित्रांनो, हा माणूस कोळ्याला काडीवर घेणारा. यशपालने हातोड्याचा दांडा अण्णांच्या पोटात खुपसला. अण्णांनी जॅकची लोखंडी टॉमी उचलली, ती यशपालने अडवली, ती सुटली आणि हुबळीच्या काचेतून आत गेली. काच माझ्या मांडीवर पाण्यासारखी सांडली. मग दोघेही खाली पडले आणि साठी ओलांडलेली दोन माणसे वखारीच्या जमिनीवर एकमेकांचे गळे धरून गडबडा लोळली. अण्णांचा चष्मा कोणाच्या तरी ढोपराखाली फुटला. यशपालच्या तोंडावर अण्णांचे कोपर बसले आणि पुढचा एक दात माझ्या चाकापाशी येऊन पडला. त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले ते इतिहासाच्या पुस्तकात नसतात आणि मेकॅनिकलच्याही.

राजश्रीवहिनींनी आख्खी घागर दोघांवर ओतली.

"गाळलेलं पाणी हुतं! वाया घालीवलं तुमच्यापायी!" त्या ओरडल्या. "उठा! पर्युषण तोंडावर आलंय आणि ह्यांची कुस्ती चाललीया!"

यशपाल उठला. दात उचलून खिशात घातला. "दार उघडं ठेव अगर झाकून ठेव," तो रक्त पुसत म्हणाला, "पण बैल म्हणू नगंस." आणि गेला.

नंतरचे रविवार रिकामे गेले. पर्युषणात अण्णांनी एकवेळ जेवण धरले, रोज मंदिरात गेले, आणि रोज परत येऊन माझ्या फुटक्या तोंडापुढे बसून राहिले. एक दिवस त्यांनी वखारीतल्या जुन्या कामगारांपैकी निपाणीत राहिलेल्या मालुबाईंना बोलावून आणले आणि दाराकडे बोट दाखवून विचारले. मालुबाईंनी वाकून पोच्यावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "बादली मीच भरून दिलती, अण्णा."

क्षमावणीच्या सकाळी त्यांनी मोबाइलवर कमळाचे चित्र सगळ्यांना पाठवले: कळत-नकळत काही चुकले असल्यास उत्तम क्षमा. यशपाललाही पाठवले. त्याचे उत्तर लगेच आले. त्याने आपल्या उघड्या तोंडाचा फोटो पाठवला होता.

अण्णांनी तो वहिनींना दाखवला.

"फोनवरनं मारलंवतं काय त्येला?" वहिनी म्हणाल्या. "मग माफी फोनवरनं कशी मागताय?"

तेव्हा अण्णांनी मला बाहेर काढले. वाकून चाकांखाली पाहिले. समोर काच नाही. संकेश्वर येईपर्यंत वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत धूळ कोंबली, वैरणीच्या एका ट्रॉलीने गवत मारले, वंटमुरीच्या घाटात किडे कपाळावर गारांसारखे फुटू लागले. दर किड्याला अण्णा "क्षमा" म्हणत. तोंड उघडले की दुसरा आत जाई. शेवटी त्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधला. काकतीपाशी एका ट्रकने असा हॉर्न दिला की माझा आरसा गळून पडला. अण्णा थांबले नाहीत.

वडगावच्या गल्लीत घराघरातून विणकरांच्या मागांची धडधड चालू होती. यशपालच्या दारात खुर्चीवर सोनुबाई बसली होती. माझा आवाज ऐकून तिने मान वर केली. यशपाल बाहेर आला. आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

अण्णांनी रुमाल सोडला. कपाळभर मेलेले किडे. त्यांनी सोनुबाईपुढे हात जोडले. "आई, आप्पांच्या वतीनं माफी मागाय आलोय."

"आप्पा कुठं हाय?"

"वारले की. लई वर्सं झाली."

"मग त्येची माफी मी कुणाला देऊ?" सोनुबाई म्हणाली. "त्येनं मागायची हुती. त्यो दारावरनं हॉर्न वाजवत जायचा. तू मधी पडू नगंस. तू काय केलंस ते सांग."

"यशाचा दात पाडला," अण्णा कसेबसे म्हणाले. "आणि बैल म्हटलं. सगळ्यांस्नी सांगत फिरलो."

"मग त्येची माग."

अण्णा यशपालकडे वळले. हात जोडलेलेच होते. "यशा, चुकलो."

"घाव बसला तवा लई लागलं रं, श्रीप्या," यशपाल म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचे होते, पण दात नसल्याने शब्द नीट येत नव्हता, किंवा दुसऱ्या कशाने. त्याने अण्णांच्या कपाळावरचा एक किडा झटकला. "आत ये. तोंड धू आधी."

"थांब. पोचा काढ. आत्ताच. मी भाईरनं ठोकळा धरतो."

यशपाल धावत जाऊन हातोडा आणि ठोकळा घेऊन आला. अण्णांनी लोखंडी ठोकळा पोच्यावर टेकवून धरला. यशपालने दार उघडले, आतून हातोडा उगारला.

"खाली ठेव त्यो," सोनुबाई म्हणाली.

ती काठी टेकत माझ्यापाशी आली. तिने आपला तळवा पोच्यात ठेवला. तो पूर्ण बसला. तंबाखूने पिवळा झालेला, आयुष्यभर चाळण्या धरलेला तळवा.

"एक म्हणतोय ठेवतो, एक म्हणतोय काढतो," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाचं डोस्कं आपटलंतं रं हितं?"

यशपालने हातोडा पाठीमागे लपवला.

"मरंपतूर डोस्कं दुखायचं त्यांचं. ऊन लागलं की भिताडाला टेकून बसायचे. तुमास्नी काय ठाव हाय?" तिने हात पुढे केला. "दे हिकडं."

"आये, तुझ्यानं उचलायचा न्हाय..."

"दे म्हणते न्हवं!"

ऐंशीची बाई. हातोडा दोन्ही हातांनी धरला, खांद्यामागे नेला आणि बाहेरून माझ्या दारावर घातला. मित्रांनो, मी यंत्राखाली चेपले गेले, दोन्ही राज्यांचे दगड खाल्ले, घण खाल्ले. असा घाव मला कधी बसला नव्हता. सगळ्या काचा खुळखुळल्या. शेजारचा एक माग थांबला आणि आतून कोणीतरी डोकावले. जुन्या पोच्याच्या बाजूला नवा पोचा पडला, त्याहून खोल.

सोनुबाई धापा टाकत उभी राहिली. यशपालने तिला धरले. अण्णा ठोकळा हातात घेऊन तसेच वाकलेले.

"बास," ती म्हणाली. "त्यांचा त्यांच्याजागी ऱ्हाऊ दे. ह्यो माझा. आता रंग लावा. आणि लोकांस्नी सांगताना खरं सांगा. न्हायतर मी परत येते."

तसा रंग लागला. नवी काच आली. पौषात बेळगावातल्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा मी तिथे उभी होते. हिरवीगार, लखलखीत, आणि डाव्या दाराला दोन पोचे. अण्णांच्या मोठ्या भावाचा मुलगा वृषभ चिकोडीहून आपले व्यापारी मित्र घेऊन आला. सगळ्यांनी मोबाइल वर धरले.

"काका, ह्यास्नी ती बैलाची ष्टोरी सांगा की! आमच्या आजोबांची!"

अण्णांनी यशपालकडे पाहिले. नेहमी अण्णा कुठे अडले की यशपाल पुढे व्हायचा. यशपाल फडके घेऊन माझा हेडलाइट पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता. तो पुसतच राहिला.

गर्दी थांबली. अण्णांनी डाव्या दारावर हात ठेवला.

"बैल न्हवता," श्रीपालअण्णा म्हणाले. "माणूस हुता. कल्लाप्पा नावाचा. त्येची बायको अडलीती, तिला गाडीत बसीवलं म्हणून माझ्या बापानं त्येचं डोस्कं हितं आपटलं."

वृषभचा मोबाइल खाली आला. "काका, लोकांपुढं काय बोलताय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "घराचं नाव हाय."

"नाव हाय म्हणूनच सांगतोय," अण्णा म्हणाले. "आणि ह्यो दुसरा पोचा त्येच्या बायकोचा. तिनं मारलेला. त्याचं बी सांगतो, उभा ऱ्हा." वृषभ उभा राहिला नाही; पण बाकीचे राहिले. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, या वेळी हातगाडीपर्यंत. यशपालने फडके खांद्यावर टाकले आणि तो शेजारी येऊन उभा राहिला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही घरामागे पोत्यांखाली उभी असेल. तिला बाहेर काढा, धुवा, तेलपाणी करा, हौसेने रंगवा. फक्त तिच्या अंगावरच्या पोच्याची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारू नका. वखारीतल्या बायकांना विचारा.